भिंतीतला जोड

फोन बंद पडला तेव्हा मी भिंतीकडेच बघत बसलो होतो. बघण्यासारखी झाली होती भिंत. काम सोडून बरीच वर्षं झाली, मनगटं आखडली, तरी पट्टी फिरवून आणि रंध्याने घोटून गिलावा असा उतरला होता की सकाळचा उजेड त्यावर कुठे अडखळत नव्हता.

"बाबा," लेक म्हणाली, "फोन गेलाय."

"कुठे जातोय? फोनचा डबा हलव जरा."

तिने डबा हलवला. मग मला तिच्या टेबलापाशी बोलावून रिसीव्हर माझ्या कानाला लावला. आत काही नव्हतं. खरखर नाही, गुणगुण नाही. रिकाम्या टाकीत डोकं घातल्यावर वाटतं तसं वाटलं.

"इंटरनेटही गेलं. आता मी काम कशावर करू?"

मला संध्याकाळ आठवली. संध्याकाळी हिचा फोन यायचा.

ही म्हणजे माझी बायको. तिला विसरण्याचा आजार आहे. आधी ती दूध तापत ठेवलेलं विसरायला लागली, मग बाजारातून घरी यायचा रस्ता, आणि एके दिवशी मी कामाची पिशवी घेऊन आत शिरत होतो तर दारातच उभी राहून म्हणाली, "कोण पाहिजे तुम्हाला?" मला आधी ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. पुढे ती दार उघडून कुठेही निघून जायला लागली, तेव्हा मी आणि लेकीने तिला अशा माणसांना सांभाळतात त्या केंद्रात ठेवलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, बसने जावं लागतं. मी जातो अधूनमधून. ती ओळखत नाही. तिला वाटतं मी केंद्राचा गवंडी आहे आणि छताची ओल बघायला येतो. "बसा मिस्त्री," म्हणते. माझे हात बघून तसं वाटत असेल. त्यात तिची चूक नाही, मी आहेच गवंडी.

पण संध्याकाळी ती केंद्राच्या व्हरांड्यातल्या फोनपाशी जायची आणि आमच्या घरचा नंबर फिरवायची. तो नंबर तिला तोंडाने सांगता येत नसे. विचारलं की गोंधळायची. बोटांना मात्र तो पाठ होता. न बघता विणकाम करतात तशी बोटं जायची. इकडे मी उचलायचो.

"भाऊजी का?"

"हो, वहिनी."

"हे आले का कामावरून?"

"निघालेत. वाटेत असतील."

"आले की म्हणावं, हातपाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. सगळं घर सिमेंटचं करतात."

"सांगतो."

भाऊजी म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो जाऊन पुष्कळ काळ लोटला. आमचे आवाज सारखे होते. पहिल्या वेळी मी म्हटलं होतं, अगं, मीच बोलतोय. तर ती घाबरली आणि तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने भाऊजी झालो. स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणायला जीभ वळत नव्हती. मग वळायला लागली.

बोलणं रोज तेवढंच असायचं. पण तेवढ्या वेळापुरता मी तिच्या घरातला माणूस होतो, आणि तिचा नवरा कामावरून घरी यायला निघालेला होता. समोर गेलो की मी छत बघायला आलेला मिस्त्री. त्यामुळे मला तो फोन पाहिजे होता. दुसरं काही नको होतं.

लेकीने मोबाइलवरून कंपनीला फोन लावला. लेक स्वतः दिवसभर घरी बसून हेच काम करते, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या तक्रारी ऐकते. पलीकडची मुलगी म्हणाली, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"हे वाक्य मीही म्हणते," लेक म्हणाली. "मी म्हणते तेव्हा कुणीच येणार नसतं. तुमच्याकडून कुणी येणार आहे का?"

पलीकडची मुलगी हसली बहुतेक. कारण माणूस आला.

लाइनमन बुटका होता. खांद्यावर शिडी, गळ्यात पिशवी, आणि खोलीत आल्या आल्या "पंखा लावता का" म्हणाला. खांबावर चढला, उतरला, आमच्या दारावरच्या पेटीत चिमटे लावून कुणाशी तरी "हॅलो, हॅलो, जेवलास का" करून आला.

"दारापर्यंत लाइन जिवंत आहे," तो म्हणाला. "मेली ती आत. डबा मुळात कुठे होता?"

"बोळात."

"मग इकडे पुढच्या खोलीत कुणी आणला?"

"मी."

बोळाच्या भिंतीमागे न्हाणीघर आहे. तिथला पाइप कुजला, ओल आली, गिलावा फुगला आणि पापुद्र्यांनी सुटायला लागला. प्लंबरने नवा पाइप टाकून दिला. पुढचं मी केलं. सगळं खरवडून विटांपर्यंत गेलो. तेव्हा लेक म्हणाली, आता भिंत उघडीच आहे तर फोनचा डबा माझ्या टेबलापाशी घेऊन टाका. मला ते लगेच पटलं. खरं तर तिच्या टेबलासाठी नव्हे, भिंतीसाठी पटलं. एवढ्या सरळ भिंतीच्या मधोमध डबा म्हणजे गालावरची चामखीळ. कामावर लोक मला ओळंबा म्हणत, भिंत सरळ आहे का बघायला दोरीला लोंबवतात तो. अंगाने बारीक, मान खाली घालून उभा राहायची सवय, आणि भिंत वाकडी दिसली की तोंड वाकडं. त्या ओळंब्याला भिंतीत डबा कसा चालावा?

हे सगळं मी लाइनमनला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "वायर अपुरी पडली. जुन्या डब्याच्या जागी जोड दिला आणि तिथून पुढे आणली."

"जोड कसा दिला?"

"पिळून. सळईला तार बांधतो तसा. वर चिकटपट्टी."

"आणि तो जोड आता कुठे आहे?"

"भिंतीत."

लाइनमनने डोकं खाजवलं. "गिलाव्याखाली?"

"हो."

"गिलाव्याला पाणी मारलं असेल."

"म्हणजे काय," मी म्हटलं. "सकाळ-दुपार-संध्याकाळ."

तो खाली बसला आणि पाणी मागून प्यायला. मी त्याच्याकडे बघत होतो. फोन पहिले काही दिवस छान चालला होता. मग हिचा आवाज लांबून येऊ लागला, पत्र्यावर वाळू सांडावी तशी खरखर मध्ये. मला वाटलं लाइन खराब आहे. ती "हे आले का" विचारायची आणि मी फोन ठेवून भिंतीला पाणी मारायला जायचो. म्हणजे तिचा आवाज मीच थोडा थोडा बुडवत होतो. हे मला तेव्हा, लाइनमन पाणी पीत असताना कळलं. कळलं, पण काही वाटलं नाही. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढतो तसं झालं. चिमटा दिसतो, लागत नाही.

"जोड उघडून द्या, मी मिनिटात बसवतो," तो म्हणाला. "कुठे आहे, दाखवा."

आम्ही तिघेही बोळात गेलो. लाइनमनने हात फिरवला. वर, खाली, आडवा. मग माझ्याकडे वळून बघितलं.

"काय हो हे? बोटाला काही लागेल तर शपथ. ही काय भिंत आहे की काच?"

"पाणसळ लावून बघा," मी म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं.

"अहो बाबा," लेक म्हणाली, "ते कौतुक करत नाहीयेत."

"करतोय," लाइनमन म्हणाला. "पण रडतही आहे. कुठे आहे जोड?"

मला सांगता येईना. विटांपर्यंत खरवडलं तेव्हा खुणा सगळ्या गेल्या. जुन्या गिलाव्यावर डब्याभोवती मळाचा चौकोन होता, हिच्या डोक्याच्या तेलाचा डागही होता, कारण बोलताना ती भिंतीला टेकायची. ते सगळं मीच पोत्यात भरून टाकून दिलं होतं. साधारण मधोमध, एवढंच सांगता येत होतं. साधारणवर छन्नी चालवता येत नाही.

"मग या नव्या डब्यापासून वायरीच्या मागे मागे खोदत जा," लाइनमन म्हणाला. "सापडेलच."

"पाइप फुटेल," मी म्हटलं. "भिंतीला दोन खाचा कशाला मारायच्या म्हणून एकाच खाचेत दोन्ही घातलंय. आत खोल वायर, तिच्यावर पाइप. शेवटच्या तुकड्यातच वायर पाइप सोडून जुन्या डब्याच्या जागेकडे वळते."

"खाच वाचवली," तो म्हणाला.

"हो."

"खांबापासून नवीन तार ओढून देता येणार नाही का?" लेकीने विचारलं.

"तांब्याची नवी तार देणं बंद झालं, ताई. आहे ती चालली तर चालली. नाहीतर काचेच्या तारेचं, फायबरचं, नवं कनेक्शन घ्या. वेगही चांगला मिळेल तुम्हाला."

"नंबर हाच राहील?"

"नाही. ते जुन्या तारेचे नंबर, जुन्या तारेबरोबरच जाणार."

"हा नंबर मोबाइलवर वळवला तर?"

"ते या फोनवरूनच चालू करावं लागतं. आणि हा तर मुका झालाय." त्याने शिडी उचलली. "महिनाअखेरपर्यंत मुकाच राहिला तर वरून तोडून टाकतील. त्याआधी जोड सापडला तर मला बोलवा. माझा मोबाइल लिहून घ्या."

तो गेल्यावर लेक टेबलापाशी जाऊन बसली. फोन गेल्यापासून ती रोज मैत्रिणीकडे जाऊन काम करत होती, तिथे मैत्रिणीचं बाळ रडायचं आणि तक्रार करणारी माणसं विचारायची, तुमच्या कंपनीत लहान मुलं ठेवतात काय.

"नवं कनेक्शन घेऊन टाकू," ती म्हणाली.

"आईचा फोन येतो त्यावर."

"बाबा, आई कुणाशी बोलते? काकाशी. काका आहे कुठे?"

"मी बोलतो ना."

"तेच म्हणतेय. ती तुमच्याशी बोलत नाही, आणि जो बोलतो तो तुम्ही नाही. कशासाठी चाललंय हे?"

तिचा आवाज चढला नव्हता. ती दमली होती. मी उठून चहाच्या कपबशा विसळल्या. दोनच होत्या, पण पुन्हा पुन्हा विसळल्या.

मोबाइलवरून केंद्रात फोन करून बघितला होताच. हिला दिला तर ती म्हणायची, "कोण बाई हा माणूस? मी परक्यांशी बोलत नाही." तिला घर लागायचं ते तिने स्वतः फिरवल्यावर. आपल्या बोटांनी गेली तरच ती घरी पोहोचायची.

मी केंद्रात गेलो. व्हरांड्यात तिथल्या मावशी कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. जाड बाई, बोलायला मोकळी. हिचं न्हाणं-जेवण सगळं त्याच करतात.

"फोनचं काय झालंय तुमच्या?" मावशी म्हणाल्या. "रोज फिरवते. कानाला लावून ऐकते. मग मला सांगते, घरात कुणी नाही, सगळे कुठेतरी गेलेत वाटतं. आणि येऊन बसते. काल तर गेलीच नाही फोनपाशी. मी म्हटलं, चला की. तर म्हणते, कुठे?"

"कुठे, असं म्हणाली?"

"हो. तसंच म्हणाली."

ही खिडकीपाशी बसली होती. केस कापून बारीक केले होते. मला बघून पदर सारखा केला, परक्या माणसासमोर करतात तसा.

"या मिस्त्री. छत बघायला आलात?"

"छत बघतो. पण तुम्हाला एक सांगायचं होतं. तुमच्या घरचं काम मी घेतलंय. भिंतीचं."

मी असं काही बोलेन हे मला घरून निघताना ठाऊक नव्हतं.

"आमच्या घरचं?" ती म्हणाली. "मला कुणी बोललं नाही."

"ओल आली होती. म्हणून फोन काढून ठेवलाय. काम झालं की लावणार. घरात सगळे आहेत, कुणी कुठे गेलेलं नाही."

"हे घरात असताना तुम्हाला कशाला काम दिलं? हे स्वतः गवंडी आहेत."

"त्यांना वेळ नाही म्हणे."

"ते मात्र खरं आहे," ती म्हणाली. "लोकांच्या भिंती आरशासारख्या, आणि आमच्या न्हाणीत पोपडे. किती वर्षं सांगतेय." मग माझ्याकडे जरा वाकून हळूच म्हणाली, "त्यांना सांगू नका हं, मी बोलले म्हणून."

"नाही सांगत. बाई, फोन भिंतीवर नक्की कुठे होता? तिथेच परत बसवायचाय. मला जागा सापडत नाही."

"एवढी मोठी भिंत आणि जागा सापडत नाही?" ती उठली. मावशींनी हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. व्हरांड्याच्या भिंतीपाशी जाऊन ती उजवा खांदा टेकवून उभी राहिली, कोपर दुमडलं, हात कानाशी नेला. जसं काही समोर आमचंच स्वयंपाकघर होतं. "हे बघा. इथे असं कोपर टेकायचं, डब्यावर. आणि इथून शेगडी दिसायला पाहिजे. बोलता बोलता दुधावर डोळा ठेवते मी. खिडकी दिसली तर समजायचं फार पुढे गेलो. खिडकीतून ऊन येतं डोळ्यांवर."

"शेगडी दिसली पाहिजे, खिडकी नाही."

"नाही. माझं दूध कधी उतू गेलं नाही," ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. इतक्या जवळ बऱ्याच दिवसांत गेलो नव्हतो. तिचं कोपर माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी आलं. ते बटण मी चिमटीत धरलं. ती म्हणाली, "झालं का? मी दमले," आणि खिडकीकडे परत गेली. बसल्यावर तिने मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"मिस्त्री."

"बसा," ती म्हणाली.

येताना बसमध्येही ते बटण मी सोडलं नव्हतं. सोडलं असतं तरी बटण काही पळून जाणार नव्हतं, हे कळत होतं. शेजारच्या बाईने विचारलं, "छातीत दुखतंय का हो?" मी म्हटलं, "नाही, माप आहे." ती सरकून बसली.

घरी आल्यावर लेकीला म्हटलं, "शेगडीवर दुधाचं पातेलं ठेव."

"आता चहा?"

"चहा नको. नुसतं ठेव."

मी बोळात भिंतीला उजवा खांदा लावून उभा राहिलो आणि सूतासूताने मागेपुढे झालो. आधी खिडकी दिसली. मागे आलो. खिडकी चौकटीआड गेली आणि पातेलं पूर्ण दिसलं. तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारली. मग बटणाचं माप धरून आडवी. ही आता वाकली आहे, हे धरायला पाहिजे होतं. म्हणून दोन बोटं वर घेतली. सगळ्या आयुष्यात मी इतकं वेडंवाकडं माप घेतलं नव्हतं.

छन्नी लावली तशी लेक जवळ आली. "बाबा, पाइप?"

"पाइप इथे नाही."

"नक्की ना?"

"तुझ्या आईने सांगितलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन पाण्याचा मुख्य नळ बंद करून आली आणि हातात बादली घेऊन उभी राहिली. तिने विश्वास ठेवला तो असा.

स्वतःच्या गिलाव्यावर हातोडी उचलताना हात अडेल असं मला वाटलं होतं. अडला नाही. चांगला घट्ट धरला होता गिलावा, पाणी भरपूर प्यायलेला. कपच्या पायांवर पडत होत्या. पहिल्या जागी नुसती वीट निघाली. मी शेगडीकडे परत एकदा बघितलं आणि चार बोटं डावीकडे गेलो. तिथे चिकटपट्टी दिसली. सोलली तर आत तांबं हिरवंगार झालेलं, बोट लावताच तुकडा पडला.

लेकीने बादली खाली ठेवली. "सापडलं?"

"सापडलं."

पातेल्यातलं दूध तिने परत फ्रीजमध्ये ठेवलं.

लाइनमन दुसऱ्या दिवशी आला. "हे काय, वायरीची वेणी घातली होती?" म्हणाला. कुजलेलं कापून टाकलं, आतून चिकट मलम भरलेल्या दोन लहान टोप्या वायरींवर दाबून बसवल्या, आणि वर डबा ठोकला, जुन्या जागी. पुढच्या खोलीत लेकीच्या टेबलापर्यंत त्याने जमिनीलगत उघडी वायर नेली.

"आता हे बुजवायचं नाही," तो डब्याभोवतीच्या खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाला. "पाण्याचा थेंबही नको. कळलं का, आजोबा? भिंत कुरूप दिसली तर तोंड दुसरीकडे करून बसा."

रिसीव्हर कानाला लावला. गुणगुण होती. मी ती पुष्कळ वेळ ऐकत उभा राहिलो, शेवटी लेक म्हणाली, "बाबा, ठेवा. तुम्ही धरून बसलात तर तिचा फोन लागेल कसा?"

त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी स्टूल आणून बोळातच बसलो. मावशींशी मोबाइलवर बोललो. त्या म्हणाल्या, नेऊन उभी करते, फोनवर हात ठेवते आणि नुसती उभी राहते, बोटं हलत नाहीत. मी फिरवून देऊ का? मी म्हटलं, नको. का नको म्हटलं, ते मला नीट सांगता येणार नाही. दुसऱ्याने फिरवला तर तो परक्याचाच फोन.

लेक तिच्या टेबलापाशी लोकांना सांगत होती की आम्ही दिलगीर आहोत. तिचं काम पहिल्यासारखं सुरू झालं. नव्या कनेक्शनचं तिने पुन्हा काढलं नाही. जाता येता खड्ड्याकडे बघायची आणि पुढे जायची.

एकदा घंटा वाजली. मी उचलला. "नमस्कार, आमच्या दुरुस्तीसेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? खूप समाधानी असल्यास एक दाबा." मी फोन ठेवून दिला. पुन्हा तोच आला. मी एक दाबलं, पुन्हा येऊ नये म्हणून.

नंतर किती संध्याकाळी गेल्या ते मी धरलं नाही. स्टुलावर बसायची सवय झाली. भिंतीतला तो खड्डा डोळ्यांसमोर असायचा, विटा दिसणारा, कडा फुटलेल्या. बसल्या बसल्या त्याच्या कडा मनात सरळ करत राहायचो, मग तेही बंद झालं. दुखत काही नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. लेक म्हणाली, "बाबा, आत येऊन बसा, इथूनही ऐकू येतं." मी म्हटलं, येतो. गेलो नाही.

एका संध्याकाळी घंटा वाजली आणि मला वाटलं, परत तो समाधानवाला.

"हॅलो?"

पलीकडे श्वास होता. मग ती म्हणाली, "लागला."

"वहिनी?"

"कोण वहिनी? कोण बोलतंय?"

भाऊजी म्हणावं की काय म्हणावं, कळेना.

"मिस्त्री का तुम्ही?" ती म्हणाली. "भिंतीचं काम घेतलेले?"

लेक दारात येऊन उभी राहिली होती. मी भिंतीला टेकलो. कोपर डब्यावर बरोबर बसलं.

"हो. मिस्त्रीच."

"म्हणजे काम झालं. फोन लावलात. मला म्हणाला होतात ना, काम झालं की लावणार. मी रोज इथे उभी राहायचे आणि म्हणायचे, अजून झालं नसेल, कशाला फिरवायचा."

"झालं काम."

"पाणी मारताय ना?"

"मारतोय."

"नुसतं शिंपडून जाऊ नका. भिंत भिजली पाहिजे. आमचे हे आले की हात फिरवून बघतील. लोक त्यांना ओळंबा म्हणतात, माहीत आहे? सूतभर खोट चालत नाही त्यांना. तुमची लाज काढतील."

"नाही काढणार," मी म्हटलं.

"तुम्ही ओळखता काय त्यांना?"

"कामावर बघितलंय."

"मग माहीतच आहे," ती म्हणाली. तिला हसू आलं असावं, तसा आवाज झाला. "आले का ते?"

"निघालेत. वाटेत असतील."

"आले की सांगा, मी फोन केला होता."

"सांगतो."

"विसराल तुम्ही. गवंडी लोक विसरतात."

"नाही विसरणार."

तिने फोन ठेवला. मागून मावशींचा आवाज येत होता, "बघा, लागला की नाही," असं काहीतरी. मग परत गुणगुण.

"आईचा?" लेकीने विचारलं.

"हो."

"काय म्हणाली? काकाला?"

"नाही. मिस्त्रीला. काम झालं का, विचारत होती."

लेकीला आणखी काही विचारायचं होतं, पण टेबलावर तिचा फोन वाजला आणि ती आत गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन मगभर पाणी घेतलं आणि बोळात आलो, खड्ड्यासमोर उभा राहिलो, तेव्हा लाइनमनचं बोलणं आठवलं. दाराबाहेर एक कुंडी आहे, हिची. पाणी तिच्यात ओतलं आणि परत येऊन स्टुलावर बसलो.